मलिक अंबर : परका आला आणि दख्खनचा झाला

मुलाचे नाव शाळेत घालताना आपण एक अर्ज भरतो. त्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, धर्म, मातृभाषा, मूळ गाव असे रकाने असतात. आपण ते पाच मिनिटांत भरून देतो आणि विसरून जातो. आता अशा एका मुलाची कल्पना करा, की ज्याचे हे सारे रकाने परक्या माणसांनी भरले, आणि तेही गुलामांच्या बाजारात. त्याचे नाव मालकाने ठेवले. त्याची जात व्यापाऱ्यांनी ठरवली. त्याने कोठे राहायचे आणि कोणासाठी लढायचे, हे त्याच्या किमतीबरोबरच ठरले. पुढे हाच मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा झाला. सन १६०० ते १६२६ अशी सव्वीस वर्षे त्याने मोगल बादशाहीला दख्खनच्या उंबरठ्यावर थोपवून धरले. त्याचे नाव मलिक अंबर.

शिवकाळाच्या आधीचा महाराष्ट्र समजून घ्यायचा तर हे नाव टाळता येत नाही. पण आपल्या घरांतून ते क्वचितच ऐकू येते. पाठ्यपुस्तकातील दोन ओळी वाचून मुले पुढच्या धड्याकडे वळतात. म्हणून त्याची कहाणी या ठिकाणी थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. ती वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. माणूस एखाद्या मुलखाचा कशाने होतो? जन्माने, रक्ताने, राजाच्या फर्मानाने, की आणखी कशाने?

तीन बाजारांचा प्रवास

मलिक अंबरचा जन्म सन १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. त्याचे मूळचे नाव चापू होते, अशी नोंद आहे. इथिओपियात अम्हारा, ओरोमो, सिदामा असे अनेक लोक आणि अनेक भाषा होत्या. तेथे ज्याची त्याची ओळख आपल्या कुळाची आणि भाषेची असे. पण एकदा तांबडा समुद्र ओलांडला, की या साऱ्यांची मिळून एकच ओळख उरे. त्या देशाला अरब लोक हबश म्हणत. त्यामुळे तेथून जहाजावर चढलेला प्रत्येक जण हबशी झाला. आज आपण ज्याला एक जमात समजतो, ती अशी व्यापाराच्या वाटेवर तयार झाली.

हा व्यापार चाले तरी कशावर? इथिओपियातील राजेरजवाड्यांना आणि श्रीमंतांना हिंदुस्थानचे सुती कापड हवे असे. त्याच्या मोबदल्यात सोने, हस्तिदंत आणि माणसे दिली जात. चापूही त्या मोबदल्यात आला. येमेनमधील मोखा बंदरात तो विकला गेला. तेथून तो बगदादला पोचला. मोखा काय किंवा बगदाद काय, दोन्ही ठिकाणी त्या काळी उस्मानी तुर्कांच्या बादशाहीचा अंमल होता. बगदादच्या मीर कासिम नावाच्या मालकाने या मुलाची बुद्धी हेरली, त्याला शिकवले, इस्लाममध्ये आणले आणि त्याचे नाव अंबर ठेवले. अंबर हे एका मौल्यवान सुगंधी पदार्थाचे नाव. याकूत म्हणजे माणिक, संदल म्हणजे चंदन, अशी नावे गुलामांना देण्याची रीतच होती. मोलाच्या वस्तूला मोलाच्या वस्तूचे नाव!

येथे एक गोष्ट आपण स्पष्टपणे कबूल केली पाहिजे. गुलामाला मुक्त करणे हे आपल्या धर्मात मोठे पुण्य मानले आहे. तरीही मुसलमान राज्यांतून माणसांचा हा बाजार शतकानुशतके चालला. मलिक अंबरच्या मोठेपणाचा अभिमान बाळगताना, ज्या व्यवस्थेने त्याला आईपासून तोडले तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही.

सन १५७० नंतरच्या काही वर्षांतच मीर कासिमने अंबरला दख्खनमध्ये आणले. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. पेशवा हे पद मराठी राज्याच्या आधीपासून दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी होते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. विशेष म्हणजे हा चंगीजखान स्वतः हबशी होता आणि गुलामीतूनच वर आलेला होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. राज्यकारभार कसा चालतो, सरदारांचे हेवेदावे कसे हाताळायचे, हे अंबरने त्याच्याजवळ राहून पाहिले. काही वर्षांतच चंगीजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले.

दख्खनी कोण आणि परदेशी कोण?

दख्खनच्या सुलतानांना हबशी गुलाम का हवे असत? हिशेब सरळ होता. ज्याला गाव नाही, भाऊबंद नाहीत, वतन नाही, तो बंड कोणाच्या बळावर करणार? मुळे तोडलेला माणूस धन्याला चिकटून राहील, अशी ही अटकळ होती. पण माणूस जेथे राहतो तेथे मुळे धरतोच. गुलाम मुक्त होत, इथल्या मुलींशी निकाह लावत, त्यांची मुले दख्खनी बोली बोलत वाढत. एकदोन पिढ्यांत ती घराणी इथलीच होऊन जात.

त्या काळच्या दरबारांत दोन पक्ष होते. इराण, इराक, मध्य आशिया इकडून आलेल्यांना आफाकी म्हणजे परदेशी म्हणत. त्यांना आपल्या फारसीचा आणि खानदानाचा मोठा अभिमान असे. दुसरा पक्ष दख्खनींचा. पिढ्यान्‌पिढ्या या मातीत राहिलेल्या मुसलमानांचा तो पक्ष. हबशी समुद्रापलीकडून आलेले असूनही त्यांची गणना दख्खनींत होई. कारण आफाक्याला परत जायला घर होते. हबशाला मात्र दख्खन हेच घर होते.

खुद्द निजामशाहीची कुळकथाही पाहा. सन १४९० मध्ये हे राज्य स्थापन करणाऱ्या मलिक अहमदचा बाप, पाथरीच्या एका ब्राह्मण घराण्यातून मुसलमान झालेला होता, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. म्हणजे राजवंशाचे मूळ पाथरीचे, त्याचे शूर सेनापती आफ्रिकेचे आणि त्याचे घोडेस्वार मराठे. त्या राज्याचा दख्खनीपणा असा अनेक धाग्यांनी विणलेला होता.

मुक्त झालेल्या अंबरला मात्र लगेच वैभव लाभले नाही. वीस वर्षे तो शिपाईगिरी करत फिरला. विजापूरच्या आदिलशाहीत असताना त्याला मलिक हा किताब मिळाला. पण आपल्या तुकडीला पुरेसा आधार मिळत नाही असे पाहून, सन १५९५ च्या सुमारास तो सुमारे दीडशे स्वार घेऊन अहमदनगरला परतला. तेव्हा त्याचे वय पन्नाशीकडे झुकले होते. ज्या वयात माणसे निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात या माणसाचे खरे आयुष्य सुरू झाले.

राजा नसलेले राज्य

ही वेळ अहमदनगरच्या आणीबाणीची होती. अकबर बादशहाच्या फौजा दख्खनमध्ये उतरल्या होत्या. चांदबिबीने पहिला वेढा शौर्याने परतवला. पण सन १६०० मध्ये घरातल्याच लोकांनी तिचा घात केला आणि किल्ला पडला. बाल सुलतान बहादूर निजामशहाला पकडून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडण्यात आले. मोगलांच्या दफ्तरी निजामशाही संपली होती.

ती संपली आहे हे मलिक अंबरने मान्य केले नाही. राजघराण्यातील एका तरुणाला शोधून परांड्याच्या किल्ल्यात त्याने गादीवर बसवले. हाच दुसरा मुर्तजा निजामशहा. आपली मुलगीही अंबरने त्याला दिली. राजू दख्खनी नावाचा सरदार त्याचा प्रतिस्पर्धी होता. त्याच्यावर मात करून अंबर राज्याचा सूत्रधार झाला. राजधानी परांड्याहून जुन्नरला गेली आणि पुढे दौलताबादेस आली.

मोगलांशी समोरासमोर झुंज घेण्याइतके बळ त्याच्याजवळ नव्हते. त्याने दख्खनच्या भूमीलाच आपली फौज केले. डोंगर, खिंडी, नद्या, पावसाळा यांचा आधार घेऊन हलके घोडेस्वार मोगलांच्या जड छावण्यांवर तुटून पडत, रसद तोडत आणि दिसेनासे होत. हे स्वार मुख्यतः मराठे होते. सन १६१० च्या सुमारास हिंदुस्थानात आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या फौजेत दहा हजार त्याचे स्वतःचे जातभाई आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदवून ठेवले आहे. भोसले, जाधव अशी घराणी या लढ्यांत नावारूपास आली. गनिमी काव्याचे जे युद्धतंत्र पुढे मराठ्यांनी पूर्णत्वास नेले, त्याची मोठी तालीम या काळात झाली.

जमीन आणि पाणी

तलवारीने राज्य राखता येते, पण माणसे राखायला आणखी काही लागते. सततच्या लढायांनी गावे उजाड झाली होती. महसुलाचा मक्ता घेणारे लोक रयतेला पिळून काढत. मलिक अंबरने ही मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिच्या मगदुराप्रमाणे प्रती ठरवल्या आणि पीकपाणी पाहून धारा बांधला. प्रथम उत्पन्नाच्या सुमारे दोनपंचमांश हिस्सा घेतला जाई. पुढे तो सुमारे एकतृतीयांश किमतीइतका रोख ठरला. गावच्या पाटलाचा हक्क आणि शेतकऱ्याची मिरास त्याने मान्य केली. म्हणजे ज्याला स्वतःचे गाव कधी मिळाले नाही, त्याने दुसऱ्यांची गावे त्यांच्या नावे पक्की करून दिली. ही पद्धत एवढी रुजली की निजामशाही बुडाल्यावरही मलिकअंबरी धारा हा शब्द कागदोपत्री टिकून राहिला. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीची घडी बसवताना दादोजी कोंडदेवांनी हीच पद्धत समोर ठेवली, असे इतिहासकार सांगतात.

सन १६१० मध्ये त्याने खडकी या गावी नवे शहर वसवायला घेतले. तेथे मशिदी बांधल्या, मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. शहरात हबशी आणि दख्खनी मुसलमानांबरोबर मराठा सरदारांनीही वाडे बांधले. मालपुरा, खेळपुरा, विठापुरा, परसपुरा अशी मोहल्ल्यांची नावे त्यांच्यावरूनच पडली.

पण तेथे पाणी कमी होते. उत्तरेकडील डोंगरउतारावर जमिनीत मुरणारे पाणी अडवून, भुयारी नहरीने शहरात आणण्याची योजना अंबरने पार पाडली. पंप नाही, यंत्र नाही. सगळे काम उतारावर. जमिनीखाली नहर, मधूनमधून तपासणीसाठी मनुष्य उतरू शकेल अशा विहिरी आणि वस्तीत पाणी वर खेळवणारे बंब. हीच नहर-ए-अंबरी. प्रसिद्ध पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर नंतरची आणि वेगळी आहे. सहलीला जाणारी मुले या दोहोंची नेहमी गल्लत करतात, म्हणून मुद्दाम सांगितले. अंबरी नहरीचे काही भाग आजही पाहता येतात.

सन १६१६ मध्ये मोगलांनी खडकी जाळली. अंबरने ती पुन्हा उभी केली. पुढच्याच वर्षी पीटर व्हान देन ब्रुके नावाचा डच व्यापारी दख्खनमधून प्रवास करताना त्याला भेटला. या मुलखात अंबरविषयी लोकांना आदर आहे आणि त्याच्या राज्यात बंदोबस्त चोख आहे, अशा आशयाचे वर्णन त्याने लिहून ठेवले.

पुसला न गेलेला शब्द

इतके करूनही गुलाम हा शब्द त्याच्या मागून गेला नाही. डच व्यापाऱ्यांच्या नोंदींत १६१० ची एक हकीकत आहे. मुर्तजा निजामशहाची थोरली बेगम इराणी होती. तिने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि अंबरलाही दूषणे दिली. त्याचा शेवट भयंकर झाला. अंबरने सुलतान आणि बेगम दोघांनाही विष घालून मारवले आणि सुलतानाच्या मुलाला गादीवर बसवले, असे ही नोंद सांगते. वाचकहो, हे कृत्य आपण झाकू नये आणि त्याचे समर्थनही करू नये. पण एका शब्दाचा डंख चाळीस वर्षांनंतरही किती खोल असू शकतो, हे यातून समजते.

आणि बादशहा जहांगीर? त्याने आपल्या आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख ठिकठिकाणी त्याच्या रंगावरून शिव्या देत केला आहे. त्याच्या अबुल हसन या चित्रकाराने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून, भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण मारताना दाखवला आहे. प्रत्यक्षात जहांगीरला ते मस्तक कधीच मिळाले नाही. रणांगणावर जे साधले नाही, ते कागदावर साधून घेतले. मोगल दरबारही मुसलमानांचा आणि अंबरही मुसलमान. पण त्याचा उपयोग झाला नाही. बादशाहीच्या नजरेत माणसे दोनच प्रकारची असतात, ताबेदार आणि बंडखोर. जो मान तुकवत नाही, त्याचा रंग, त्याचे कूळ, त्याचा जन्म सारेच मग वाईट ठरते.

भातवडी आणि अखेर

सन १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशहा एक होऊन अंबरवर चालून आले. अहमदनगरजवळ भातवडीला गाठ पडली. अंबर तेव्हा पंचाहत्तरीचा होता. त्याने तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाचा चिखल केला आणि छापे घालून त्यांना जेरीस आणले. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला. त्यांचे बंधू शरीफजी याच रणात पडले. एका हबशी पेशव्याच्या झेंड्याखाली, एका दख्खनी राज्यासाठी, एका मराठा वीराने प्राण दिला. शिवछत्रपतींच्या काळी रचलेल्या शिवभारत या संस्कृत ग्रंथातही मलिक अंबरच्या पराक्रमाचा गौरव आहे.

सगळे काही गोडच होते असे समजू नका. लखुजी जाधवांसारखे सरदार त्याला सोडून मोगलांकडे गेले. भातवडीनंतर शहाजीराजेही काही काळ आदिलशाहीत गेले. मान, वतन आणि घराण्याचे हित यांची ओढाताण त्या काळीही होती. पण पुढचे पाहा. मे १६२६ मध्ये मलिक अंबर मरण पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे. सन १६३३ मध्ये त्याचा मुलगा फत्तेखान मोगलांना शरण गेला आणि दौलताबाद पडले. त्या वेळी शहाजीराजांनीच निजामशाही घराण्यातील एक लहान मूल शोधून पेमगिरीवर गादीवर बसवले आणि १६३६ पर्यंत राज्य जिवंत ठेवले. तेहतीस वर्षांपूर्वी परांड्याला अंबरने जे केले, तेच पेमगिरीवर शहाजीराजांनी केले. धर्म वेगळा, जन्मभूमी वेगळी, पण राज्य दोघांचेही एकच होते.

अंबरच्या मृत्यूनंतर मोगल दरबारच्याच मुतमदखान या इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची आणि बंदोबस्ताची मनापासून वाखाणणी केली. एखादा हबशी गुलाम इतक्या उंचीला पोचल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही दाद मोठीच म्हणावी लागेल. पण दाद देतानाही त्याला गुलाम हा शब्द सोडवला नाही!

आपल्यासाठी

पालकहो, या कहाणीतून आपण काय घ्यायचे? आपल्या मुलांना दोन बाजूंनी एकच चुकीचा धडा दिला जातो. बाहेरचा कोणी त्यांना सांगतो, की तुम्ही इथले नाही. आणि घरातलेच वडीलधारे सांगतात, की आपले खानदान अरबस्तानचे, आपले पूर्वज इराणचे. लग्न जुळवताना मुलाचे शिक्षण आणि वर्तन यांच्या आधी आपण खानदान विचारतो. पहिल्या बोलण्याचा आपल्याला राग येतो, पण दुसरे बोलणे त्यालाच खतपाणी घालते. अंबरच्या मुलीला हिणवणाऱ्या बेगमेजवळही खानदानच होते.

अंबरच्या आयुष्यात तुर्क, मोगल, निजामशाही, आदिलशाही अशा किती सत्ता येऊन गेल्या! कोणी त्याला माल ठरवले, कोणी शिपाई, कोणी बंडखोर, कोणी मलिक. ही नावे सत्तेबरोबर येतात आणि सत्तेबरोबर जातात. त्याच्या शहराचेच पाहा. खडकी हे फत्तेखानाच्या काळी फत्तेनगर झाले, १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. अंबरने बांधलेला धारा आणि खणलेली नहर मात्र राजे बदलले तरी लोकांच्या उपयोगी पडत राहिली. पाणी भरायला आलेल्या बाईला ते कोणत्या कुळातल्या माणसाने आणले, हे कधी विचारावे लागले नाही. ज्याच्यामुळे शेजाऱ्याचे शेत पिकते आणि घागर भरते, तो त्या गावचा होतो. मग त्याचा जन्म कोठेही झालेला असो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक काम सांगतो. येत्या सुट्टीत आपल्या गावातला एखादा तलाव, बारव, बंधारा किंवा नहर शोधा. ती कोणी बांधली, कोणी दुरुस्त केली, कोणत्या समाजाच्या हातांनी माती वाहिली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि वहीत लिहून काढा. शाळेची सहल वेरूळला गेली, तर गुरुजींना सांगून वाटेत खुलताबादेस थांबा आणि मलिक अंबरची कबर पाहा. आणि शिकून मोठे झालात, इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षक, तलाठी जे कोणी झालात, तर ज्या गावात नेमणूक होईल, तेथे एखादे तरी काम असे करा, की तुमची बदली झाल्यावरही लोकांना ते उपयोगी पडेल.